कथिलाच्या थेंबाची लेसरखाली कधी चकती का होते आणि कधी पोकळ कवच का

प्रश्न पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा आहे. सुमारे ३० मायक्रोमीटर व्यासाच्या वितळलेल्या कथिलाच्या थेंबावर १० नॅनोसेकंदांची लेसर पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, पडली, की थेंब पसरून त्याची पातळ चकती होते. तोच थेंब १० पिकोसेकंदांच्या, म्हणजे हजारपट आखूड, पल्सखाली आणला, की तो आतून पोकळ होऊन फुग्यासारखा सुजतो, आणि काही चित्रांत पलीकडच्या बाजूने एक पातळ थर सुटून उरलेल्या द्रवापुढे धावताना दिसतो. थेंब उकळून फुटतो असे मानले तर हे सर्व समजते का, आणि नसेल तर नेमके काय घडते, असे त्याने विचारले आहे.

उकळण्याने हे समजत नाही. दोन्ही प्रसंगांत थेंबाला हलवणारी गोष्ट उष्णता नसून दाब आहे. चकती होणार की कवच, हे त्या दाबाचा कालावधी आणि थेंबातून ध्वनिलहरीला जाण्यासाठी लागणारा काळ यांच्या गुणोत्तरावर ठरते. पल्सची ऊर्जा किती, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी दुसऱ्या क्रमांकाचा आहे. प्रयोगशाळेत पुष्कळदा पहिली चर्चा ऊर्जेचीच होते, आणि त्यामुळे दोन वेगळ्या प्रकारची भौतिक प्रक्रिया एकाच आलेखावर बसवण्याचा प्रयत्न होतो. म्हणून आधी काळांचा हिशेब मांडतो.

वितळलेल्या कथिलाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ७ ग्रॅम, पृष्ठताण मीटरला सुमारे ०.५४ न्यूटन आणि त्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २,५०० मीटर असतो. थेंबाची त्रिज्या १५ मायक्रोमीटर घेतली तर ध्वनीला पृष्ठभागापासून केंद्रापर्यंत जायला ६ नॅनोसेकंद लागतात आणि पूर्ण थेंब ओलांडायला १२. हा पहिला काळ. पल्सच्या धक्क्याने थेंब समजा सेकंदाला १०० मीटर वेगाने ढकलला गेला, तर आपल्या त्रिज्येइतके अंतर जायला, आणि साधारण तेवढ्यातच चपटा व्हायला, त्याला १५० नॅनोसेकंद लागतात. हा दुसरा. पृष्ठताणाला थेंबाचा आकार सावरायला लागणारा काळ घनता गुणिले त्रिज्येचा घन भागिले पृष्ठताण याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साडेसहा मायक्रोसेकंदांच्या आसपास येतो. हा तिसरा. चौथा काळ उष्णतेचा आहे. द्रव कथिलातील औष्णिक विसरणाचा गुणांक पाहता पृष्ठभागावरची उष्णता केंद्रापर्यंत झिरपायला दहा मायक्रोसेकंदांहून अधिक वेळ लागतो.

हे चार आकडे शेजारी ठेवले की उकळण्याचा प्रश्न निकालात निघतो. थेंबाचे पसरणे आणि फाटणे दोन-तीन मायक्रोसेकंदांत आटोपते, आणि तोवर आतल्या द्रवाला आपल्या पृष्ठभागावर काय घडले याची औष्णिक वार्तादेखील पोहोचलेली नसते. १० नॅनोसेकंदांच्या पल्सच्या अवधीत उष्णता जेमतेम ०.४ मायक्रोमीटर आत शिरते. १० पिकोसेकंदांत ती त्याहून कितीतरी कमी, काही दशांश नव्हे तर शतांश मायक्रोमीटरच्या श्रेणीत जाते, आणि तेथे धातूत प्रकाश शिरण्याची खोलीच मर्यादा ठरते. ऊर्जेचा हिशेबही पाहावा. प्रतिचौरससेंटिमीटर १०¹⁰ वॅट तीव्रतेची १० नॅनोसेकंदांची पल्स या थेंबाच्या काटछेदावर सुमारे ०.७ मिलिजूल ऊर्जा टाकते. पूर्ण थेंब वाफ करायला साधारण ०.३ मिलिजूल पुरतात, म्हणून कागदावर थेंब नाहीसा व्हायला हवा. तसे होत नाही, कारण काही भाग परावर्तित होतो, उरलेला बहुतांश भाग पृष्ठभागावरचा पातळ थर आणि त्यातून निघालेला प्लाझ्मा (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटलेला तप्त वायू) घेऊन जातो, आणि द्रवाच्या गतीत फक्त अर्धा मायक्रोजूल, म्हणजे हजारातल्या एका भागाहूनही कमी, उतरतो. तरीही तेवढी गतिज ऊर्जा थेंबाच्या मूळ पृष्ठऊर्जेच्या, म्हणजे दीड नॅनोजूलच्या, कित्येक पट आहे. फाटण्यासाठी एवढे पुष्कळ आहे.

मग धक्का देतो कोण? प्रकाशाचा स्वतःचा दाब नव्हे. वरील तीव्रतेला तो सुमारे ०.३ मेगापास्कल भरतो. थेंबाला १० नॅनोसेकंदांत सेकंदाला १०० मीटर वेग द्यायचा असेल तर लेसरकडील पृष्ठभागावर सरासरी १.४ गिगापास्कल दाब लागतो, म्हणजे प्रकाशदाबाच्या चार हजार पटींहून जास्त. हा दाब पृष्ठभाग सोडून सेकंदाला दहा किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने निघणाऱ्या बाष्पाचा आणि प्लाझ्माचा असतो. संवेगाचा जमाखर्च मांडला तर वेग देण्यासाठी थेंबाच्या वस्तुमानाचा सुमारे एक टक्का बाहेर फेकला गेला तरी पुरतो, आणि उरलेले नव्व्याण्णव टक्के द्रवरूपातच, जवळपास पूर्वीच्याच तापमानाला राहून ढकलले जातात. प्लाझ्माचा दाब तीव्रतेबरोबर वाढतो, पण समप्रमाणात नाही. तीव्रता दुप्पट केली म्हणून वेग दुप्पट होत नाही.

आता नॅनोसेकंदांची बाजू. १.४ गिगापास्कल हा दाब ऐकायला प्रचंड आहे, आणि थेंबाला गोल ठेवणाऱ्या पृष्ठताणाच्या दाबाच्या, म्हणजे ०.०७ मेगापास्कलच्या, तो वीस हजार पट भरतो. पण कथील दबण्याला जो विरोध करते त्याच्या मापाने तो लहान आहे, कारण घनता गुणिले ध्वनिवेगाचा वर्ग हा आकडा ४४ गिगापास्कल येतो. म्हणजे द्रव जेमतेम तीन टक्के दबतो. शिवाय दाब टिकून असतानाच ध्वनिलहरी केंद्रापर्यंत जाऊन पोहोचतात, आणि दाबाचे वाटप थेंबभर होते. परिणामी थेंब जवळपास अदाब्य, म्हणजे न दबणाऱ्या, द्रवासारखा वागतो. एका बाजूला जास्त दाब आणि पलीकडे निर्वात असल्यामुळे द्रव पुढे सरकतोच, पण त्याचबरोबर मधल्या भागावरील दाब कडेपेक्षा जास्त असल्याने तो आडवाही वाहू लागतो. पल्स संपल्यावर हा आडवा वेग तसाच राहतो, त्याला अडवणारे फारसे काही नसते. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर, पाच हजारांच्या घरात असल्यामुळे चिकटपणाची दखलही घ्यावी लागत नाही. वेबर अंक, म्हणजे जडत्व आणि पृष्ठताण यांचे गुणोत्तर, सुमारे दोन हजार असतो. म्हणून पहिल्या शे-दीडशे नॅनोसेकंदांत थेंब चपटा होतो आणि पुढच्या मायक्रोसेकंदांत चकती रुंदावत जाते.

या टप्प्यावर किरणझोताची रुंदी निर्णायक ठरते, आणि नव्याने काम करणारे नेमके तिच्याकडे दुर्लक्ष करतात. झोत थेंबापेक्षा बराच रुंद असेल तर दाब अर्धगोलावर पसरलेला राहतो आणि सपाट, सुबक चकती मिळते. झोत थेंबापेक्षा अरुंद असेल तर दाब मध्यावर एकवटतो, आकार बदलण्याच्या गतीत जाणारा ऊर्जेचा वाटा वाढतो, आणि चकती सपाट न राहता वाकते. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या गटाने रंग मिसळून प्रकाश शोषणारे केलेले साधे द्रवाचे थेंब वापरून ही प्रक्रिया मिलिमीटरच्या मापावर दाखवली आणि तिचा सिद्धान्त मांडला. कथिलाच्या सूक्ष्म थेंबांवर तोच सिद्धान्त लागू पडतो, हे अ‍ॅमस्टरडॅममधील एआरसीएनएल या संशोधन केंद्राने दाखवले. एकीकडे बाष्प ढकलते आणि दुसरीकडे प्लाझ्मा, एक थेंब मिलिमीटरचा आणि दुसरा त्याच्या कित्येक पटींनी लहान, तरीही वेबर अंक आणि दाबाचे वाटप सारखे ठेवले की आकार सारखे येतात. या विषयात मला सर्वांत जास्त विश्वास याच निष्कर्षाने दिला.

चकती अमर्याद पसरत नाही. पृष्ठताण तिच्या कडेला आत ओढतो, कड मंदावते, आणि मागून येणारा द्रव तिच्यात साचून जाड दोरासारखी किनार तयार होते. सर्वाधिक व्यास साधारण तिसऱ्या, म्हणजे पृष्ठताणाच्या, काळाच्या ०.४ पट वेळेला, म्हणजे या थेंबासाठी अडीच मायक्रोसेकंदांच्या सुमारास येतो. तेवढ्या अवधीत किनारीचा सेकंदाला १०० मीटर वेग संपतो असे धरले, तर तिचे मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या चाळीस लाख पट भरते. एवढ्या मंदनाखाली द्रवाची किनार सरळ राहू शकत नाही. जड द्रव हलक्या बाजूकडे झेपावतो आणि किनारीवर लहरी उठतात, आणि त्याच वेळी दोरासारख्या द्रवाची थेंबांत तुटण्याची उपजत प्रवृत्तीही काम करते. लहरींच्या शिखरांतून तंतू निघतात आणि तंतूंच्या टोकांतून थेंब सुटतात. किनारीची जाडी स्वतःला अशी सावरत असते, की मंदनाचे बल आणि पृष्ठताण तोलात राहावेत. या आकड्यांना ती दीड मायक्रोमीटरच्या आसपास येते, आणि सुटणारे कणही काही मायक्रोमीटर मापाचे असतात. वेग वाढवला की कण लहान होतात आणि संख्येने वाढतात.

विखंडनाचा दुसरा मार्ग किनारीवर नसून मधल्या पडद्यात आहे. पूर्ण थेंब १५० मायक्रोमीटर त्रिज्येच्या चकतीत सारखा पसरला असे मानले तर जाडी ०.२ मायक्रोमीटर येते. प्रत्यक्षात ती याहून बरीच कमी, पन्नास नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याखालीही आढळते, कारण दरम्यान बरेचसे वस्तुमान किनार, तंतू आणि कणांत निघून गेलेले असते. एवढ्या पातळ पडद्याला कुठे छिद्र पडले तर ते पृष्ठताणाने रुंदावते, आणि त्याच्या कडेचा वेग पृष्ठताणाची दुप्पट भागिले घनता व जाडी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. १०० नॅनोमीटर जाडीला हा वेग सेकंदाला सुमारे ४० मीटर येतो, म्हणजे एका मायक्रोसेकंदात छिद्राची त्रिज्या ४० मायक्रोमीटर होते. दोन छिद्रे भेटली की त्यांच्यामध्ये द्रवाचा तंतू उरतो आणि तोही तुटतो. चकतीचे जाळे होताना दिसते ते असे.

पिकोसेकंदांच्या पल्सची कथा मुळातच वेगळी आहे. ऊर्जा इतक्या झटकन जमा होते की तापलेल्या थराला पसरायला अवधीच मिळत नाही. तो आपल्या मूळ घनतेलाच तापतो आणि त्यातील दाब दहा-वीस गिगापास्कल किंवा त्याहून वर जातो. आता द्रवाला अदाब्य मानता येत नाही. या थरातून आघातलहर आत निघते आणि तिच्या पाठोपाठ, थर निर्वातात पसरून दाब कोसळल्यामुळे, विरलनाची, म्हणजे द्रवाला ताणून विरळ करणारी, शेपटी निघते. येथे एक बारकावा आहे. लहरीची लांबी केवळ पल्सच्या अवधीवर ठरत नाही. तापलेला थर ५० नॅनोमीटर जाड असेल तर त्याचा दाब उतरायला ध्वनिवेगाने २० पिकोसेकंद लागतात, म्हणून पल्स १० पिकोसेकंदांची केली काय आणि १ ची केली काय, लहरीची लांबी जवळपास तीच राहते. पल्स आखूड करत नेली तरी एका मर्यादेपुढे परिणाम बदलत नाही, याचे कारण हेच.

लेसरकडील पृष्ठभाग अर्धगोल असल्यामुळे लहर सर्व बिंदूंतून आतल्या दिशेने, म्हणजे केंद्राकडे जाते. एकवटताना ती तीव्र होते, आणि तिच्यामागची विरलनाची शेपटीही एकवटते. केंद्राशी आधी प्रचंड दाब येतो आणि लगेच तेवढाच जबरदस्त ताण. द्रवाला ताण सहन होत नाही असे आपण नेहमी म्हणतो, पण एवढ्या थोड्या अवधीत द्रव कथील एक-दोन गिगापास्कलच्या श्रेणीतला ताण पेलते. त्याहून जास्त झाला की द्रव जागोजागी फाटतो, बुडबुडे निर्माण होतात, ते जुळून मध्यभागी एक पोकळी बनते, आणि उरलेला द्रव तिच्याभोवती कवच होऊन बाहेर पसरत राहतो. ही पोकळी वाफेच्या दाबाने फुगलेली नसते. फाटण्याच्या क्षणी द्रवाला मिळालेल्या बाहेरच्या दिशेच्या वेगामुळे ती वाढते, आणि आत जवळपास निर्वातच असते. कवच १५० मायक्रोमीटर त्रिज्येला पोहोचेतो त्याची सरासरी जाडी ५० नॅनोमीटरवर येते, कारण तेवढाच द्रव चकतीच्या एका थराऐवजी गोलाच्या पूर्ण पृष्ठभागावर वाटला जातो. पुढे त्यालाही छिद्रे पडतात आणि त्याचे बारीक कणांचे धुके होते.

आपल्या चित्रांतला पुढे धावणारा थर याच लहरीच्या पुढच्या प्रवासातून येतो. केंद्र ओलांडल्यावर लहर पुन्हा फाकत पलीकडच्या पृष्ठभागावर पोहोचते. मुक्त पृष्ठभागावर दाबाची लहर परत फिरताना ताणाची होते, आणि तो ताण पृष्ठभागाच्या किंचित आत सर्वाधिक असतो. तेथे द्रव फाटला की बाहेरचा पातळ थर सुटतो. या थरात लहरीचा संवेग अडकलेला असल्यामुळे तो मधल्या कवचापेक्षा जास्त वेगाने जातो. फाकत आलेली लहर केंद्रापेक्षा दुबळी असते, म्हणून थर सुटण्यासाठी लागणारी तीव्रता केंद्रात पोकळी होण्यासाठी लागणाऱ्या तीव्रतेपेक्षा जास्त असते. रशियातील ट्रॉइत्स्क येथील स्पेक्ट्रोस्कोपी संस्थेशी संबंधित संशोधकांचे प्रयोग आणि द्रवाला असंख्य कण मानून केलेली संगणकीय सादृश्यीकरणे दोन्ही हाच क्रम दाखवतात. कमी तीव्रतेला प्रसरण जवळपास सममित असते, आणि पलीकडचा थर सुटू लागला की ते असममित होते. त्यामुळे आपल्याकडील चित्रे ऊर्जेच्या क्रमाने लावावीत. थर ठरावीक ऊर्जेपुढेच दिसत असेल आणि त्याखाली नुसते सममित कवच असेल, तर आपण हीच संक्रमणरेषा पाहत आहात.

शंभर पिकोसेकंदांपासून एक-दोन नॅनोसेकंदांपर्यंतच्या पल्समध्ये दोन्ही प्रक्रिया मिसळतात. थेंब चपटा होऊ लागलेला असतो आणि त्याच वेळी आत पोकळीही धरते. तेथे कोणत्याही एका सूत्रावर विसंबू नये.

मोजमापाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण चुकीचे निष्कर्ष बहुधा चित्रांच्या वाचनात जन्मतात. शॅडोग्राफीत मागून प्रकाश टाकून थेंबाची सावली टिपतात. प्रकाशाची झळक ५ नॅनोसेकंदांची असेल तर सेकंदाला १०० मीटर वेगाने जाणारी कड तेवढ्यात अर्धा मायक्रोमीटर सरकते, आणि तेवढा धूसरपणा चालतो. मात्र लेसरचा सुसंगत प्रकाश थेट वापरला तर ठिपकेदार गोंधळ दिसतो. म्हणून लेसरने उद्दीपित केलेल्या रंगद्रव्याची चमक वापरणे बरे. बाजूने घेतलेल्या चित्रात चकती एक काळी उभी रेघ दिसते, तिच्या दोन्ही टोकांना किनारीच्या गाठी आणि त्यांतून निघालेले बारीक तंतू असतात. त्याच क्षणी समोरून, लेसरशी तिरक्या कोनात घेतलेल्या चित्रात किनार काळीभोर आणि मधला भाग करडा दिसतो. तो करडेपणा म्हणजे पडद्यातून आरपार आलेला प्रकाश होय, आणि त्यावरून जाडी काढता येते. फक्त बाजूचे चित्र घेणाऱ्याला सपाट चकती आणि पोकळ घुमट यांत फरक करणे अवघड जाते, कारण दोन्हींची सावली एका कोनातून भरीवच दिसते. शिवाय प्रत्येक चित्र वेगळ्या थेंबाचे असते. थेंब-लेसर जुळणी किंचित ढळली तरी चकती तिरपी होते, आणि अशा चित्रांच्या सरासरीतून येणारा व्यास प्रत्यक्षाहून कमी निघतो. भिंगाची विभेदनक्षमता काही मायक्रोमीटर असेल तर त्याखालील कण दिसतच नाहीत. चित्रातील द्रवाची बेरीज मूळ थेंबाइतकी भरली नाही, तर हरवलेला भाग बाष्प झाला असे लगेच मानू नये.

या सर्वाला महत्त्व आहे ते १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिअतिनील प्रकाशामुळे, ज्यावर आजच्या सर्वांत सूक्ष्म चिप छापल्या जातात. हा प्रकाश निर्माण करणाऱ्या यंत्रात सेकंदाला सुमारे ५०,००० थेंब येतात. पहिली पल्स थेंबाला पसरवते आणि काही मायक्रोसेकंदांनी १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या कार्बन डायऑक्साइड लेसरची मुख्य पल्स त्याचा प्लाझ्मा करते. या तरंगलांबीचा प्रकाश प्लाझ्मात फक्त घनसेंटिमीटरला १०¹⁹ इलेक्ट्रॉन एवढ्या घनतेपर्यंतच शिरतो, १ मायक्रोमीटरच्या लेसरपेक्षा शंभरपट कमी घनतेपर्यंत. म्हणून घट्ट गोल थेंब त्याला सोसत नाही, त्याला शेकडो मायक्रोमीटर रुंद आणि विरळ लक्ष्य हवे असते. पसरवण्याची पहिली पल्स नसेल तर लेसरऊर्जेचे उपयुक्त प्रकाशात रूपांतर सुमारे एक टक्का होते, आणि ती असली की पाच टक्क्यांच्या पुढे जाते. नॅनोसेकंद पल्सची चकती आणि पिकोसेकंद पल्सचे धुके हे दोन्ही मार्ग उद्योगात वापरले गेले आहेत. चकतीत वस्तुमान एका प्रतलात नेमके ठेवता येते, पण किनारीतील आणि तंतूंतील कथील मुख्य झोताच्या बाहेर राहून यंत्रातील आरशांवर बसण्याचा धोका असतो. धुक्यात प्रत्येक कण झोताला सामोरा येतो आणि विरळपणा आपोआप मिळतो, मात्र कवच किती सममित फुटेल यावर त्याचा दर्जा अवलंबून राहतो. माझे मत विचाराल तर, एकाच वेळेला घेतलेल्या मापनांनी वस्तुमानाचा हिशेब पुरा जुळवता आला तरच दोन मार्गांची तुलना करावी, नुसत्या व्यासाच्या आधारे नव्हे. आपल्या प्रयोगात पहिले काम म्हणून १० नॅनोसेकंदांच्या पल्सचे तीन-चार ऊर्जास्तर घ्या, थेंबाचा पुढे जाण्याचा वेग आणि आडवा पसरण्याचा वेग दोन्ही पहिल्या ३०० नॅनोसेकंदांतल्या चित्रांवरून काढा आणि त्यांचे गुणोत्तर पाहा. ते ऊर्जेबरोबर बदलत नसेल तर किरणझोताची रुंदी स्थिर आहे असे समजावे, आणि बदलत असेल तर पिकोसेकंदांच्या मापनांकडे वळण्याआधी ती तपासावी.